अंकुशचा फोटो काचेवर लागला

अंकुश पुंगाटी आलापल्लीच्या लाकूड डेपोत नंबर टाकायचा. सागाच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर आधी हातोड्याचा शिक्का बसायचा. मग अंकुश रंगाचा डबा घेऊन उकिडवा बसायचा आणि नंबर, लांबी, गोलाई लिहायचा. त्याचा एक आणि सात कधी एकमेकांत मिसळले नाहीत. लिलावाला बाहेरून आलेले व्यापारी न वाकता त्याचे आकडे वाचत पुढे जायचे.

तो माडिया आदिवासी. गाव एटापल्लीच्या वाटेवर, डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर आत. बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकला. डेपोच्या मागे एका खोलीत राहायचा, शनिवारी सायकलनं गावी जायचा, रविवारी सकाळी परत यायचा. रविवार सुट्टीचा. तरी तो परत यायचा, कारण रविवारी आमच्या स्टुडिओत स्पर्धा असायची.

स्टुडिओ माझ्या भावाचा, भूपेशचा. बस स्टँडसमोर. ही २००५ सालची गोष्ट आहे. दोन कॉम्प्युटर होते, एक स्कॅनर, एक प्रिंटर आणि नवा घेतलेला डिजिटल कॅमेरा. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. मराठी घेऊन बी.ए. केलेल्या मुलीला आलापल्लीत जे काम मिळू शकत होतं ते मी करत होते. म्हणजे भावाच्या स्टुडिओत पावत्या फाडत होते.

स्पर्धा अशी. दर आठवड्याला एक जण एक फोटो आणायचा. तोच फोटो सगळ्यांनी आपापल्या परीनं सजवायचा. आठवडाभरात लाइट असेल तेव्हा यायचं, रिकाम्या कॉम्प्युटरवर बसायचं. भाग घेणारे चौघं. भूपेश, पंखे दुरुस्त करणारा पिंटू, शाळेतले नथ्थू गुरुजी आणि अंकुश. रविवारी अकरा वाजता सगळे फोटो नाव न सांगता स्क्रीनवर लागायचे. मत द्यायला चौघं, मी आणि बाजूच्या टपरीवरच्या रुखमाबाई. रुखमाबाईंच्या एका मताची दोन मतं धरायची, कारण त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. हा नियम गुरुजींचा. ज्याला कळत नाही त्याला दिसतं, असं ते म्हणायचे.

बक्षीस एकच. जिंकलेला फोटो मोठा छापून स्टुडिओच्या दर्शनी काचेवर लावायचा. आठवडाभर. सगळा बस स्टँड पाहायचा.

सहा महिन्यांत अंकुशचा फोटो काचेवर एकदाही लागला नव्हता.

त्याचं कारण उघड होतं. तो फार कमी करायचा. एकदा लग्नातल्या वऱ्हाडाचा फोटो होता. पिंटूनं मागे धबधबा टाकला. गुरुजींनी ताजमहाल टाकला. भूपेशनं नवरीला अंगभर दागिने घातले. अंकुशनं मांडवाचा कललेला खांब सरळ केला आणि एका म्हाताऱ्याच्या तोंडावर पडलेली सावली थोडी उजळली.

“याच्यात काय केलं?” रुखमाबाईंनी विचारलं.

“खांब सरळ केला, बाई,” अंकुश म्हणाला.

“मंग मांडववाल्याले दाखव. तो देईन तुले मत.”

पिंटू म्हणाला, “अंकुश, तू फोटो नुसता धुऊन आणते का रे? साबण तरी लावत जा.”

अंकुश हसायचा. त्याला राग येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

रविवारी त्याची आई बाजारात बसायची. स्टुडिओपासून पन्नास पावलांवर, चिंचेखाली. चारोळी, मोहफुलं, कधी बांबूचे झाडू. मी तिच्याकडून चारोळी घ्यायची. डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, खाली घातलेली मान, मापाचा डबा. बुधरीबाई. ती अंकुशची आई आहे हे मला माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. आईबद्दल तो एकदाच बोलला. दर रविवारी त्या खोलीत काय करतो असं आईनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, लोकांचे फोटो दुरुस्त करतो. आई म्हणाली, “कोणाचे मोडले?”

आम्ही खूप हसलो. तोही हसला. मग म्हणाला, “एकदा काचेवर लागू द्या. मंग दाखवतो तिले. पाहीन तं समजन.”

एवढंच त्याला हवं होतं. मला ते तेव्हा लहानसं वाटलं.

मार्चमध्ये फोटो आणायची पाळी त्याची आली. भूपेशचा कॅमेरा घेऊन तो शनिवारी गावी गेला. फोटो एका बाईचा होता. मोहाखाली बसून ती फुलं वेचत होती. डोक्यावर पदर नव्हता. गळ्यात मण्यांच्या चार-पाच माळा. वर पाहून हसत होती, जणू फोटो काढणाऱ्यानं काहीतरी बावळटासारखं केलं होतं. कपाळावर आणि दोन्ही गालांवर गोंदण होतं. हिरवट ठिपके. पानांतून पडलेल्या उन्हाचे कवडसेही होते.

“कोण हाये?” पिंटूनं विचारलं.

“गावातली बाई,” अंकुश म्हणाला.

भूपेशचा स्टुडिओ एका वाक्यावर चालायचा. आधी चेहरा साफ. लग्नाच्या मुलीचा फोटो असो की म्हाताऱ्याचा, तीळ, देवीचे व्रण, मुरुम, सगळं जायचं. बाजूची कातडी उचलून डागावर ठेवायची, की डाग नाही. गिऱ्हाइकं खूश व्हायची. या चौघांनाही त्यानंच शिकवलं होतं. त्यामुळे त्या आठवड्यात प्रत्येकानं पहिल्यांदा काय केलं हे सांगायला नको. पिंटूनं चेहरा साफ केला आणि मागे राजवाडा टाकला. गुरुजींनी चेहरा साफ केला आणि सूर्य मावळवला. भूपेशनं चेहरा साफ केला आणि गोरा केला.

आम्हाला गोंदण माहीत नव्हतं असं नाही. रुखमाबाईंच्या दोन्ही हातांवर होतं. माझ्या आजीच्या हनुवटीवर होतं. पण ते स्क्रीनवर आलं की डाग होत होतं.

अंकुश तीन दिवस फक्त इतरांचं काम पाहत होता. गुरुवारी संध्याकाळी बसला. मी बाजूला पुस्तक वाचत होते. त्यानं कपाळ मोठं केलं. आणखी मोठं केलं. सगळ्या स्क्रीनभर कपाळ झालं आणि एकेक ठिपका वाटाण्याएवढा दिसायला लागला. माउसवर हात ठेवून तो बराच वेळ बसला.

“आचल,” तो म्हणाला, “मत देताना तुमी लोकं आधी काय पाह्यता?”

“चेहरा.”

“आन चेहऱ्यात?”

“साफ आहे का ते.”

मी पुस्तकातून मान वर न करता बोलले. त्यानंतर मला माउसची टिकटिक ऐकू आली. तो डेपोत आकडे टाकायचा तितक्याच सावकाश. एक, मग थांबणं, मग दुसरा.

रविवारी चार फोटो लागले. अंकुशच्या फोटोत मागचा मोह तसाच होता. ऊन तसंच होतं. हसणं तसंच होतं. कपाळ आणि गाल कोरे होते. जोड कुठेही दिसत नव्हता. इतकं स्वच्छ काम भूपेशलाही जमलं नव्हतं.

“हा,” रुखमाबाई म्हणाल्या. “ही बाई चांगली दिसून राह्यली.”

मीही त्यालाच मत दिलं. भूपेशनंही. नाव कळल्यावर पिंटूनं अंकुशच्या पाठीत धपाटा मारला. “आज लावला बे साबण!”

भूपेशनं फोटो मोठा छापला आणि काचेवर लावला. मग नेहमीप्रमाणे बाकीचं सगळं पुसून टाकलं. डिस्क लहान होती, म्हणून दर रविवारी जिंकलेला तेवढा ठेवायचा आणि मूळ फोटोसकट सगळं काढून टाकायचं असा त्याचा शिरस्ता. कॅमेऱ्यातलं कार्ड एका बारशासाठी आधीच रिकामं झालं होतं.

अंकुश तोवर बाहेर पळाला होता. परत आला तो बुधरीबाईला घेऊन. मापाचा डबा तिच्या हातातच होता.

“माही माय,” तो आम्हाला म्हणाला.

मी तिच्याकडे पाहिलं, मग काचेकडे पाहिलं. दर रविवारी मी जिच्याकडून चारोळी घेत होते ती ही बाई होती, आणि काचेवर तीच होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिच्याही आलं नाही. ती काचेसमोर उभी राहिली. अंकुश तिच्या तोंडाकडे पाहत होता.

“कोणाची बाई होय?” तिनं विचारलं.

“पाह्य ना नीट,” अंकुश हसत म्हणाला.

तिनं नीट पाहिलं. माळांवर नजर थांबली. तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावला. मग हात पदराखालून कपाळावर गेला. ती माडियात एक वाक्य बोलली. अंकुशचं हसणं गेलं.

“काय म्हणाली रे?” पिंटूनं विचारलं.

मग तीच भूपेशकडे वळली आणि मराठीत म्हणाली, “माह्या कपाळावरचं कुठी ठेवलं, भाऊ?”

“ते साफ केलं, बाई,” भूपेश म्हणाला. “फोटोत चांगलं दिसते.”

“कोणं केलं?”

भूपेश म्हणू शकला असता की सगळ्यांनी केलं. ते खरंही होतं. पण अंकुश आधी बोलला. “म्या केलं.”

बुधरीबाईनं मान हलवली. आवाज चढला नाही. “मी मेली का लुगडं इथीच राह्यते. माळा इथीच राह्यते. हेच एक सोबत येते. तू तं जितेपणीच काढून घेतलं.”

रुखमाबाई टपरीतून बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मीच दोन मतं देल्ली, माय.” बुधरीबाईनं त्यांच्या उघड्या हातांकडे पाहिलं आणि ती बाजारात परत गेली.

अंकुशनं फोटो काचेवरून काढला. मूळ फोटो मागितला. भूपेशनं दोन्ही कॉम्प्युटर धुंडाळले. कार्ड तपासलं. काही नव्हतं.

पुढचे दोन शनिवार तो गावी गेला. त्यानं सांगितलं ते एवढंच. ताट वाढलेलं असायचं, आई बोलत नव्हती. पुन्हा फोटो काढू का विचारलं, तर उठून गेली. तिच्यासमोर आला की ती पदर भुवयांपर्यंत ओढायची. घरात, स्वतःच्या मुलासमोर. हे सांगताना तो ओंडक्यावर नंबर टाकत होता. मी डेपोत त्याला स्पर्धेचं विचारायला गेले होते.

“येशील का रविवारी?”

“नाई,” तो म्हणाला.

तिसऱ्या रविवारी मी चारोळी घ्यायला गेले. खरं तर चारोळी घरात होती. अंकुश आईसमोर जमिनीवर बसला होता. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तो काचेवरचा फोटो, हातात हिरवा बॉलपेन. बुधरीबाई त्याच्याकडे न पाहता माप भरत होती. पदर भुवयांपर्यंत.

“काऊन बसला तो?” एका गिऱ्हाइकानं विचारलं.

“बसू दे,” ती म्हणाली.

तो बसला. चिंचेची सावली सरकली. मोहफुलांची टोपली संपली. पिंटू एकदा स्टुडिओच्या दारात येऊन पाहून गेला. अंकुशनं तिला काही मागितलं नाही. कुठेही गेला नाही. मी दोनदा चारोळी घेतली.

शेवटी गिऱ्हाइकं पांगली. बुधरीबाईनं डबा खाली ठेवला, आणि पदर मागे सारला. भर बाजारात.

अंकुश पुढे सरकला. त्यानं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोटोवर एक ठिपका टाकला. पुन्हा पाहिलं. दुसरा टाकला. इतकं जवळून त्यानं तिच्याकडे लहानपणानंतर बहुतेक पाहिलं नसावं. मी तर कधीच पाहिलं नव्हतं. भुवयांच्या मध्ये उभी ओळ होती, तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. गालांवर वेगळी जुळणी, उजव्या गालावर एक जास्त. ती हलली नाही. मध्येच म्हणाली, “हिल्ले.” म्हणजे नाही. अंकुशनं पेन उचलला. तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं. जरा खाली. तिला आपला चेहरा दिसत नव्हता, पण जागा पाठ होत्या.

सगळे झाल्यावर त्यानं डोळ्याच्या कडेला आणखी एक टाकायला पेन नेला आणि थांबला.

“हा तं गोंदणाचा नाई दिसत,” तो म्हणाला.

“नाई. चुलीची ठिणगी उडाली होती,” ती म्हणाली. “तू पोटात होता.”

“मंग?”

“टाक.”

त्यानं टाकला. तिनं फोटो हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला. एकेका ठिपक्यावरून बोट नेलं, मग शाई लागली म्हणून बोट लुगड्याला पुसलं. फोटो तिनं चारोळीच्या टोपलीवर उताणा ठेवला, वाळायला.

“सरक,” ती अंकुशला म्हणाली. “गिऱ्हाईक आलं.”