मयतीच्या घरी वाजलेला हॉर्न

आमची गाडी वडिलांच्या काळातली. तिच्या वायरींवरचं प्लास्टिक इतकं कडक झालं होतं, की जरा वाकवलं तरी तुकडे पडायचे. मेकॅनिक म्हणाला होता, सगळी वायरिंग बदला. मला ते पटलं नाही. गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या घराच्या अंगणात बसून, जिथे तांबं उघडं दिसलं तिथे मीच काळी टेप गुंडाळली आणि बायकोला दिवे लावून दाखवले.

त्याच आठवड्यात इटियाडोह धरणाकडच्या गावात माझे मावसे वारले. मातीला पोचता आलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेलो. मांडवात माणसं बसली होती. मी मावशीसमोर बसलो. तिने माझा हात धरला, आणि बाहेर हॉर्न वाजायला लागला.

किल्ली माझ्या खिशात होती. तरी तो वाजतच राहिला, एकसुरी. मी अनवाणीच धावलो. स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या, बॉनेट उघडलं. बॅटरीची तार सोडवायला पाना हवा होता, आणि पाने घरी राहिले होते.

"बंद कर ना गा! मयतीचं घर आहे हे!" मांडवातून कोणीतरी ओरडलं.

शेवटी मावशीच्या शेजाऱ्याने ट्रॅक्टरमधला पाना आणून तार सोडवली. मी परत मावशीपुढे जाऊन बसलो. हात काळे झाले होते, ते मांडीखाली दडवले.

निघताना शेजाऱ्याने बिघाड दाखवला. बॉनेटखालच्या पत्र्याच्या भोकातलं रबर गळून गेलं होतं आणि हॉर्नची वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. तिथे माझी नजर गेलीच नव्हती. त्याने हॉर्नची वायर काढून ठेवली, बॅटरी जोडून दिली. कालव्याच्या रस्त्यावर म्हशींचा कळप आडवा आला, तेव्हा त्या आपणहून हटेपर्यंत मी मुकाट थांबलो.

गोंदियात इलेक्ट्रिशियनने बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, "ये टेप किसने लपेटा, भैया?"

"पता नहीं," मी म्हणालो. बायको शेजारीच उभी होती.

त्याने जुनी वायरिंग उपसून काढली, नवी घातली, प्रत्येक भोकाला रबर बसवलं. गाडी ठणठणीत झाली. तरी तेरवीला मी ती नेली नाही, बसने गेलो. मावशीच्या अंगणात ती पुन्हा उभी करायची हिंमत नव्हती.

जेवणं झाल्यावर मावशी कापडी पिशवी भरून बाहेर आली.

"गाडी काऊन नाही आनली? मी त तुही वाट पाहून राहिली होती. चार दिस तुह्या मायजवळ राहीन म्हनलं."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. भर उन्हात आम्ही फाट्यापर्यंत चालत गेलो. बस भरून आली. तिला कशीबशी जागा मिळाली आणि मी गोंदियापर्यंत तिच्या सीटचा दांडा धरून उभा राहिलो.