टोप पाचव्यावर, झाकण अठराव्यावर

आमच्या पलंगाखाली एक भलंमोठं पितळी झाकण आहे. झाडू मारताना रोज माझा अंगठा त्यावर आपटतो आणि रोज मी सासूबाईंना ऐकू जाईल इतपत कुरकुरते. त्यांना काडीचाही फरक पडत नाही.

झाकण आमचं नाही. लालबागच्या आमच्या चाळीत सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून भांडी घेतली होती. मोठा टोप, पराती, झारे. जिन्याखालच्या खोलीत असायची. दुःखाच्या घराला पहिला मान, मग लग्न, मग पूजा. घासून परत करायची, आणि टोप रिकामा द्यायचा नाही, तळाशी वाटीभर शिरा तरी हवाच. कल्हईची पाळी मजल्यामजल्याने फिरायची. नियम मोडायची कोणाची टाप नव्हती, कारण लक्ष ठेवायला दोघी होत्या, माझ्या सासूबाई आणि समोरच्या गॅलरीतल्या काकू. टोपाला पडलेल्या एका पोच्यावरून दोघींचं फार पूर्वी वाजलं होतं. टोप कोणी आपटला हे अजून ठरलेलं नाही. तेव्हापासून अबोला. बोलायचंच झालं तर भिंतीला उद्देशून.

मग चाळ गेली, टॉवर आला. आम्ही अठराव्यावर, काकू पाचव्यावर. घर झकास, पण सासूबाई मिटून गेल्या. पॅसेजमध्ये चिटपाखरू नाही, सगळी दारं बंद. लिफ्टमध्ये एकट्या जायला घाबरायच्या. दिवसभर खिडकीशी बसून खालची माणसं ओळखू येतात का बघायच्या. "हय हाक कोणाक मारू?" एकदा म्हणाल्या. ही बाई अशीच गप्प गप्प होत संपणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला होता.

त्यात कमिटीने टूम काढली की भांडी ठेवायला जागा नाही, भंगारात देऊन टाकू. मीटिंगला मी सासूबाईंना हाताला धरून खाली नेलं. काकू ताडकन उठल्या. "भंगार कसलं? टोप मी ठेवते माझ्या घरात."

सासूबाईंनी छताकडे बघून सांगितलं, "टोप तिच्याकडे, तर झाकाण माझ्याकडे."

"अहो आजी, झाकणाशिवाय टोप घेऊन लोक काय करणार?" सेक्रेटरी म्हणाले.

"माझ्याकडे येतले."

मी कपाळावर हात मारला. पण लोकांना चेव चढला. पराती नवव्यावर गेल्या, झारे तेराव्यावर. सगळं एकाच घरात राहिलं की ते हळूहळू त्या घराचंच होतं, मग मागायला गेलं की उपकार, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना पटलं. झाकण माझ्या पलंगाखाली आलं.

पहिल्याच महिन्यात बाराव्यावर सत्यनारायण होता. नवरा-बायको झाकण न्यायला आले, तर सासूबाई देईनात. "पोचो पडलो तर?" झाकण छातीशी धरलं आणि लिफ्टमध्ये शिरल्या. एकट्या. मी दारात उभी राहून बघत राहिले. बऱ्याच वेळाने परतल्या त्या हातात शिऱ्याची वाटी आणि चार घरच्या बातम्या घेऊन. खाली काकूही टोपासोबत जातीने हजर होत्या म्हणे. दोघींनी भिंतीला साक्षी ठेवून एकमेकींची खरडपट्टी काढली.

तेव्हापासून आमचं दार उघडंच असतं. कोणाचं बारसं, कोणाची पूजा, की झाकणामागून सासूबाई निघाल्याच.

गेल्या मीटिंगला कमिटीने खूशखबर दिली. पंपाशेजारची खोली मिळाली, सगळी भांडी तिथे, कुलूपबंद. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या. अंगठा सुटला एकदाचा.

"कोणाचा विरोध?" सेक्रेटरींनी रीत म्हणून विचारलं.

दोन हात वर गेले. एक सासूबाईंचा, एक काकूंचा. सासूबाईंनी मान वळवली आणि भिंतीकडे नाही, छताकडे नाही, सरळ काकूंकडे बघितलं.

"सांग गो यांका."

"खोली नको," काकू म्हणाल्या. "आम्हाला आहे तेच बरं आहे."

सेक्रेटरी हात मोजायला लागले. तिसरा माझा होता.