कॉलरचं टोक

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे कॉलरमावशी म्हणत. बाही कुणीही शिवेल, काजंबटणं कुणीही करेल, पण कॉलरचं टोक? तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडते. कॉलर उलटवली की कोपऱ्यात कापडाचा गोळा होतो, आणि कात्रीने ढोसायला जावं तर भोक पडतं. मावशी शिवतानाच कोपऱ्यात एक दोरा अडकवून ठेवायची. कॉलर उलटवली, दोरा ओढला, की टोक ताठ बाहेर! त्या एका दोऱ्यापायी शेठ तिच्याशी अदबीने बोलायचे आणि ती मागेल तो भाव द्यायचे.

मग एक दिवस शेठ गोड बोलले. "मावशी, तुमचा भार हलका करू. चार बायका तयार करा. तुमच्यासारखी गुरू आम्हाला कुठे मिळणार?"

गुरू म्हटल्यावर बाई हुरळली. तुम्ही-आम्ही हुरळलो नसतो? चार कुठल्या, गल्लीतली येईल तिला तिने शिकवलं. धाकट्या जावेला तर घरी मशीनवर शेजारी बसवून, हाताला धरून शिकवलं. तेही फुकट!

शिकलेल्यांतल्या बऱ्याचजणी, जाऊसुद्धा, पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्यात लागल्या. यंदा तो कारखाना बंद पडला आणि तिथल्या झाडून सगळ्या बायका शेठच्या गेटशी येऊन उभ्या राहिल्या. शेठनी लगेच कॉलरचा भाव निम्म्यावर आणला. मावशी तरातरा केबिनमध्ये गेली, तर ते मान वर न करता म्हणाले, "परवडत नसेल तर राहू द्या. बाहेर कॉलरवाल्यांची रांग लागलीय. माल जास्त झाला की भाव उतरतो, मावशी. त्यात माझा काय दोष?"

माल! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आम्ही माल होय? आणि ही रांग माझ्याकडून कुणी तयार करून घेतली? गोड बोलून गळा कापलात की हो माझा!" दार आपटून ती बाहेर पडली.

गेटशी रांगेत सगळ्यात पुढे कोण? धाकटी जाऊ, हातात डबा घेऊन.

"लाज नाही वाटत? माझ्या पोटावर पाय द्यायला माझ्याकडूनच शिकलीस?"

जाऊही काही कमी नव्हती. "ओरडा, माझ्यावरच ओरडा! माझ्या कारखान्याला कुलूप, तुमचे दीर घरी बसलेत. निम्म्या भावात राबायची मला हौस आलीय का, ताई? मी नाही गेले तर मागची जाईल."

मावशीने मागे पाहिलं. मागचीलाही तिनेच शिकवलं होतं, आणि तिच्या मागचीलाही. राग होता तेवढाच राहिला, पण आता तो कुणावर काढायचा ते तिला कळलं.

"जा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "खुशाल आत जा. पण निम्म्या भावात निम्मंच काम. दोरा घालायचा नाही. जिने घातला तिने माझं तोंड पाहायचं नाही."

आठवड्याभरात शर्ट परत आले. कॉलरची टोकं बटाट्यासारखी गोल. शेठ मशीनपाशी येऊन जावेवर बरसले, तेव्हा ती साळसूदपणे म्हणाली, "त्या भावात टोक येत नाही, शेठ."

तिला काढून त्यांनी गेटवरची दुसरी आणली. तिच्याही हातून बटाटेच निघाले. तिसरीने तर हात जोडून तेच वाक्य ऐकवलं.

शेवटी शेठ स्वतः मावशीच्या दारात आले. "झालं गेलं विसरा. तुम्हाला जुना भाव देतो."

"मला?" मावशीने त्यांना बसाही म्हटलं नाही. "टोक काढील त्या प्रत्येकीला द्या. आणि माझ्या जावेला आधी परत घ्या."

"मावशी, हट्ट करू नका. गेटवर अजून पुष्कळ बायका आहेत."

"आहेत ना. मग जा, त्यांना विचारा," मावशी म्हणाली. "त्यांची गुरू मीच आहे."