शालूआत्याचं विरजण

आज सकाळी शालूआत्या गेली.
कृपया कमेंटमध्ये 'शांत, सोज्वळ स्वभाव' लिहू नका. ती तशी अजिबात नव्हती.

साठच्या दशकात आत्या पनवेलच्या बाहेर, मिठागरांना लागून असलेल्या एका औषध कंपनीत केमिस्ट होती. तिथे बॅक्टेरियाकडून अमिनो ॲसिड करून घ्यायचे.

म्हणजे काय, तर साखर कारखान्याची मळी पातळ करून टाकीत भरायची आणि त्यात बॅक्टेरिया सोडायचे. ते साखर खाणार, त्यांच्या पेशीतले एन्झाइम तिचं ग्लुटामिक ॲसिड करणार, आणि ते बाहेर पाझरणार.

टाकीत सोडायचे बॅक्टेरिया आत्या लॅबमधल्या कल्चर रूममध्ये वाढवायची. सगळी कंपनी त्याला 'विरजण' म्हणायची.
आणि विरजण म्हटलं की आपल्याकडचं शास्त्र आलंच! बाजूला बसलेल्या बाईने शिवायचं नाही, नासतं.

एकदा लागोपाठ दोन टाक्या फुकट गेल्या. बॅक्टेरिया भरपूर वाढलेले, ॲसिडचा पत्ता नाही.

कुणीतरी कुजबुजलं, आणि मोठ्या साहेबांनी सगळं खापर आत्यावर फोडलं. सायन्स शिकलेला माणूस हो! म्हणे, महिन्यातले चार दिवस लॅबमध्ये येऊ नका, नाहीतर कल्चर रूमवर पुरुष माणूस नेमावा लागेल.

नोकरी जात नव्हती. पण कल्चर रूम जात होती, आणि ती एकदा गेली की पुढे कुठल्याच मुलीला मिळणार नव्हती.

बाटल्या धुणाऱ्या हिराबाईंना तिने हे सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या.
"बाय, आमी मिठागरान सगले दिस उतरतो. मीठ कंदी नासला नाय."

आत्याचा संशय मळीवर होता. त्या महिन्यात दुसऱ्याच कारखान्याची मळी आली होती.
तिने पुढच्या पाळीची वाट बघितली. मग थेट लॅबमध्ये गेली, साहेबांसकट सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि म्हणाली,
"माझा आज दुसरा दिवस आहे. आता बघा."

तेव्हाचं पनवेल! बायका हे नवऱ्यालाही खुणेनेच सांगायच्या. दोघं जण खाली बघायला लागले, एक जण तर बाहेरच गेला.

एकाच विरजणातून तिने दोन फ्लास्क लावले. एकात जुनी मळी, एकात नवी.
दोन दिवसांनी जुन्यात ॲसिड आलं. नव्यात नाही.

नवी मळी जास्तच पौष्टिक निघाली. त्यातल्या एका व्हिटॅमिनमुळे पेशीचं आवरण घट्ट राहायचं आणि ॲसिड आतच अडकायचं. आत्याने टाकीत थोडं पेनिसिलिन घालायला लावलं. आवरण सैल झालं, ॲसिड बाहेर यायला लागलं.

साहेबांनी माफी वगैरे मागितली नाही. एवढंच म्हणाले, "ठीक आहे, पण हे चारचौघांत सांगायची गरज नव्हती."
"होती," आत्या म्हणाली.
रिटायर होईपर्यंत कल्चर रूम तिच्याकडेच राहिली.

आज तिला शेवटची आंघोळ घालायच्या वेळी काकू माझ्या कानाशी आली. तुला अडचण आहे ना गं, तू जरा लांब राहा.
आहे, म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.
आणि आत्याच्या अंगावर पहिला तांब्या मीच ओतला.

जा आत्या, निवांत जा. खूप रडले आज, पण मान खाली घातली नाही.