कावळा आणि थराचं दही

माझ्या बायकोच्या, सुमनच्या वर्षश्राद्धाला कावळा बराच वेळ उपाशी राहिला, यात कावळ्याचा काही दोष नव्हता.

सुमनला थराचं दही फार आवडायचं. ग्लासात तळाशी केळं, वर चक्का, मग डाळिंबाचे दाणे, पुन्हा चक्का. श्राद्धाच्या पानावर गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही हवं, म्हणून आदल्या दिवशी मी स्वतःच ते करायला घेतलं. (आयुष्यभर नुसतं खाल्लं होतं!) दही टांगायला फडकं सापडेना, नवं उपरणं सापडलं. पहिल्या ग्लासात केळं काळं पडलं, दुसऱ्यात थर एकमेकांत बुडाले, तिसऱ्यात कसेबसे उभे राहिले. फ्रिजचा वास लागू नये म्हणून सुमन करायची तशी वर प्लास्टिकची पारदर्शक पन्नी ताणून बसवली. इतकी सुबक, की आहे की नाही ते कळू नये!

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या आमच्या गच्चीवर पान ठेवलं, मधोमध ग्लास. मी, लातूरहून आलेली मुलगी मुक्ता आणि निलंग्याहून आलेली सुमनची थोरली बहीण अक्का, असे लांब जिन्याच्या दाराशी थांबलो. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं.

कावळा आला. भाताकडे ढुंकूनही न बघता ग्लासाच्या काठावर बसला, चोच मारली आणि दचकून उडाला.

"आला आन् माघारी फिरला!" अक्का कुजबुजली. "जीव अडकलाय हो तिचा."



मुक्ताने हात जोडले. "आई, बाबांची काळजी करू नको. मी आहे."

कावळा आला. टक्! गेला.

मग अक्का पुढे झाली. "सुमे, तुझी हिरवी पैठणी हरवली न्हाई गं, माझ्या कपाटात हाय! पोरीला देते, पण घे!"

"मावशी!" मुक्ता ओरडली.

"गप. आधी कावळा बघ."

टक्! गेला.

आता दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

"दाजी, तुमच्यातच अडकलाय जीव. बोला कायतरी!"

मुक्ता वर्षभर मला लातूरला बोलवत होती आणि मी नाही म्हणत होतो. सुमनचा चष्मा अजून ज्या खिडकीत आहे, ते घर सोडून जाऊ कसा? कावळा कठड्यावरून माझ्याकडे एकटक बघत होता. मी हात जोडले.

"जातो मी लातूरला, सुमन. घे आता."

टक्!

शेजारच्या गच्चीवर टाकी धूत असलेले सलीमभाई खाकरले. "सर, माफ करा. ती पन्नी काढायची नसते का?"

आम्ही तिघांनी ग्लासाकडे नीट निरखून बघितलं.

"तुम्हाला केव्हापासून दिसतेय?" मी विचारलं.

"पैल्यापासून. मला वाटलं, तुमच्यात असंच असतंय."

मी जाऊन पन्नी काढली. कावळ्याने मानेपर्यंत डोकं खुपसलं, डाळिंब तेवढं वेचून खाल्लं आणि केळं तसंच टाकलं. अगदी सुमनसारखं! वर्षभरात पहिल्यांदाच मला हसू फुटलं.

अक्काने पदर सावरला. "मग ते पैठणीचं बोललेलं धरू नका."

"माझंही धरू नका," मी म्हणालो.

"तुमचं धरायचं! पन्नी तुमची व्हती."

आता मी लातूरला राहतो. सुमनचा चष्मा इथल्या खिडकीत ठेवलाय. खरं तर त्या दिवशी मीच तो लावायला हवा होता!