लाल दवेची गाडी

पेन्शनीतल्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात, उरलेली औषधं आणि किस्से. औषधं बायको फेकून देते, किस्से मित्रांच्या वाट्याला येतात. तेव्हा ऐका!

निजामाच्या राजवटीत मी परभणी जिल्ह्यात आरोग्यखात्याचा शास्त्रज्ञ होतो. शास्त्रज्ञ म्हणजे काय, तर बैलगाडीत मायक्रोस्कोप, पडद्यावर चित्रं दाखवायचा मॅजिक लँटर्न आणि लाल दवेची पेटी घालून गावोगाव हिंडणारा माणूस. पटकी, म्हणजे कॉलरा, गावात पोचायच्या आत तिथल्या विहिरींत दवा टाकायची, लोकांना समजावून. गाव नाही म्हणालं की थोड्याच दिवसांत तिरड्या निघत. सोबत लँटर्न चालवणारा हुसेनभाई. थट्टेखोर गडी, साहेबालाही सोडत नसे.

*

सोनपेठकडच्या एका पाटलांना मी त्यांच्याच विहिरीचा थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवला. पाटील बराच वेळ डोळा लावून बसले.

"हालायलेत की वो, सायेब!"

"म्हणून तर म्हणतो, दवा टाकू द्या."

"आज नगं. इतके दिस शेजारी ऱ्हायले, उपाशी कसं मारावं? उद्या टाका."

संध्याकाळी खरंच वरण-भाताचं ताट विहिरीवर आलं. सकाळी गेलो तर ताट लख्ख! मी शिकलेला माणूस, लगेच म्हणालो, "कुत्र्यांनी खाल्लं असेल."

"कुत्रं कसं खाईल? दोरीनं आत टांगलं होतं, पाण्याच्या जरा वर," पाटील म्हणाले. "टाका आता दवा. जेवलेत ते."

टाकली. पण विहिरीत डोकावलो नाही, खोटं कशाला बोलू!

*

दुसऱ्या एका गावात दवंडीवाल्याला सांगितलं, "दवा न टाकलेलं पाणी पिणारा मरेल, असं ओरड." भल्या माणसानं घरोघरची नावं घेऊनच सुरुवात केली. "ऐका हो ऐका! तुकाराम मरणार! बाळाजी मरणार!"

धावत जाऊन थांबवला. "अरे, नावं कुणी सांगितली तुला?"

"नाव घेतल्याबिगर कुणाला खरं वाटतंय, सायेब?"

खरंच होतं त्याचं. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या विहिरी लाल! मी खुशीत विचारलं, "पण शेवटी स्वतःचंही नाव कशाला घेतलंस?"

"म्या? म्या कुठं घेतलं?"

त्या साली त्या गावात पटकीनं एकच माणूस गेला.

*

एकदा हैदराबादहून बडे साहेब तपासणीला आले. व्याख्यान शुद्ध उर्दूतच झालं पाहिजे म्हणाले. मी दिलं. गावाला त्यातले दोनच शब्द कळले असावेत, हैजा, म्हणजे पटकी, आणि मौत. प्रश्न नाही, शंका नाही. लोक गुमान उठले आणि घरी गेले.

सकाळी बघतो तर गाव रिकामं! साथीला भिऊन रानात राहायला जायची रीत होती, ते मला ठाऊक होतं. पण असं? दारं सताड उघडी, तव्यावर भाकरी, आणि एका घरात रिकामा पाळणा अजून हलत होता. अडवायला कुणीच नव्हतं, म्हणून भराभर दवा टाकून निघालो.

साहेबांनी रिपोर्ट लिहिला, "व्याख्यानाचा परिणाम तात्काळ झाला."

*

गंगाखेडजवळ गंगेकाठी, म्हणजे आमच्या गोदावरीकाठी, दिवेलागणीला लँटर्नचा खेळ होता. आमच्या खेळाला पुरुष पडद्यापुढे बसत आणि बाया पडद्यामागे. पुरुष मंडळी पेंगत होती, पण पडद्यामागून हुंकार येत होते. पाणी उकळून प्या म्हटलं की "हां, हां". उलटी झाली तर लपवू नका म्हटलं की बांगड्या वाजायच्या. माझा उत्साह वाढला. खेळ संपल्यावर बायांचे आभार मानावेत म्हणून पडदा बाजूला केला. मागे मोकळी वाळू होती, आणि विझलेल्या चितांची राख. बाया त्या दिवशी आल्याच नव्हत्या.

हुसेनभाई माझ्या खांद्यावरून डोकावला आणि म्हणाला, "लेक्चर पटा साब उन लोगां कू. जरा देर कर दिए आप!"

*

आता चुडाव्याकडचं सांगतो. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेपार सोडायचा, आणि पुढच्या गावानं तो आणखी पुढे ढकलायचा, अशी तिकडची रीत. आम्ही ज्या गावातून निघालो तिथे माणसं पटापट मरत होती. पुढच्या गावाला प्यायच्या पाण्याची विहीर एकच. ती वाचली तर गाव वाचणार होतं, म्हणून बैल दामटत निघालो.

शिवेवर बाया उभ्या होत्या. हातात लिंबाचे डहाळे, खण, हिरव्या बांगड्या. आमची गाडी थांबताच त्या मागच्या बाजूला गेल्या आणि ओटी भरू लागल्या.

"आज्जी," मी पुढच्या म्हातारीला म्हणालो, "मी सरकारी माणूस. हा मरीआईचा गाडा नव्हे. मागं फक्त दवेची पेटी आहे."

"तुला कोण मरीआई म्हणायलंय, लेकरा? तू आणणारा. ती मागं बसलीय." म्हातारीनं पदर सावरला. "टाक तुझी दवा, पण बिगीनं. तवर आमी तिला खाली उतरू देत न्हाई."

असा राग आला मला! चार बुकं शिकून हे ऐकायचं? पण विहीर मिळत होती, आणि कडेवर लेकरं घेतलेल्या बाया समोर होत्या. गाडीवानानं पेटी उतरवली, मी होती नव्हती ती सगळी दवा ओतली. तेवढा वेळ बाया गाडीला वेढा घालून, हात जोडून उभ्या होत्या. हुसेनभाईही तिथेच थांबला होता.

गाव सोडलं. रोज गाडीत मागे पाय पसरून घोरणारा हुसेनभाई त्या दिवशी पुढे येऊन माझ्या आणि गाडीवानाच्या मध्ये घुसला.

"अरे, मागं आडवा हो की," मी म्हणालो. "आता तर पेटीही रिकामी आहे."

तो समोरच्या रस्त्याकडेच बघत राहिला. "पिच्छे जगा नइं है, साब."