हमीदभाईंचे हात

हमीदभाई यंत्राला कधी पाठ दाखवत नसत. इंजिन बंद असो, काम संपलेलं असो, ते तोंड यंत्राकडे ठेवून मागे मागे सरकत खोलीबाहेर पडायचे, टाचेने उंबरठा चाचपत. मी हसलो की म्हणायचे, "हासा सर, हासा. पन मशीन झोपत नसते. डोये मिटून पडलं असते."

अकोल्याच्या एका उर्दू शाळेतून ते चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उंच, किडकिडीत, मेंदी लावलेली दाढी आणि कायम बाह्या दुमडलेला पांढरा कुडता. घरात कुकरची शिट्टी व्हायच्या बेतात आली की हे अंगणात. लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. मोटारसायकलवर मागे बसले तर चालवणाऱ्याच्या कानाशी "हळू बाप्पा, हळू" असा जप. आणि या सगळ्याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. "मले भेव लागते, म्हनून मी जित्ता हाव," ते सांगायचे. पण एकदा हातात ब्लेड किंवा ब्रश आला की तोच माणूस वेगळा दिसे. बोटं अशी शांत, की जणू दुसऱ्याच कुणाची असावीत. "जगाचं भेव लागते सर. या दोन हाताइचं नाई लागत."

अकोल्यात आणि अमरावतीजवळच्या वलगावात आजही लोक म्हणतात, की मास्तरने वायरी चुकीच्या जोडल्या म्हणून ते विमान पडलं. ते खोटं आहे. खरं काय घडलं ते फक्त मला ठाऊक होतं आणि मी ते हमीदभाई जिवंत असेपर्यंत सांगितलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी अमरावतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. रेडिओवर चालणारी लहान विमानं उडवायचा नाद मला जुना. निवृत्तीनंतर मुलीने परदेशातून एक भलंमोठं खोकं पाठवलं. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, चौथ्या हिश्श्याच्या मापाचं, सुट्या भागांत. पंख जोडले की दहा फूट, नाकात पेट्रोलचं इंजिन. खोक्यात बाल्सा लाकडाच्या शेकडो पातळ फासळ्या होत्या, इतक्या हलक्या की पंखा लावला तर उडून जातील. माझ्या बोटांना ते जमण्यासारखं नव्हतं. हमीदभाईंची ओळख एका विज्ञान प्रदर्शनात झाली होती. मुलांकडून त्यांनी थर्मोकोलचं विमान करून घेतलं होतं आणि ते उडताना स्वतः खांबाआड उभे होते. मी खोकं घेऊन अकोल्याला त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी नकाशा पलंगावर पसरला, चित्र पाहिलं आणि म्हणाले, "हे तं माणसं माराचं विमान हाय सर."

"मॉडेल आहे, हमीदभाई."

"मॉडेलले कुठं माहीत असते, का ते मॉडेल हाय?"

तरी त्यांनी काम घेतलं. दीड वर्ष त्यांच्या मागच्या लांबट खोलीत ते विमान वाढत राहिलं. मी आठवड्याला एकदा जायचो. दार उघडलं की डिंकाचा आणि ताज्या लाकडाचा वास यायचा. आधी माशाच्या काट्यासारखा सांगाडा, मग त्यावर इस्त्रीने ताणून बसवलेलं कापड, मग हिरवा-तपकिरी रंग. पंखांत बसवायच्या खोट्या बंदुका त्यांनी बसवल्याच नाहीत. "त्या तुमी घरी घेऊन जा," म्हणाले. आत बसवायच्या वीतभर वैमानिकाचा चेहरा रंगवला, तो डोळे फाटलेला, घाबरलेला.

"असा कसा पायलट?" मी विचारलं.

"भेलेला हाय. म्हनून नीट चालवन. हासणारा पायलट तुमी शोधा दुसरा."

वायरिंगही त्यांनीच केलं. प्रत्येक जोड ते आधी नाकाजवळ नेऊन बघत, मग ओढून बघत, मग भाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बोलावून त्यांच्याकडून ओढवून घेत. नसरीनभाभी कणकेचे हात घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "ओ मास्तर, टूटा तो मेरा नाम मत लेना."

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तो दिवस मला नीट आठवतो. अंगणातल्या कडुनिंबाला विमान दोराने बांधलं होतं. नाकावरचा पंखा फिरायला लागला आणि जमिनीवरचा सगळा पालापाचोळा भिंतीवर जाऊन आदळला. दोर ताठ झाले. ते विमान झाडाला हिसके देत होतं. हमीदभाई भिंतीला चिकटून मोठ्याने अल्लाचं नाव घेत होते. मी हसत उभा होतो. पण एवढ्या वजनाची वस्तू त्या वेगाने माणसावर आली तर काय होतं, हे मला गणिताने कळत होतं. मला त्यांच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. फरक एवढाच की ते भीती बोलून दाखवत आणि मी ती खिशात घालून फिरत असे. प्राध्यापकाला घाबरलेलं दिसणं शोभत नाही, असं मला वाटे.

विमान उडवायला जागा मिळाली वलगावच्या पुढे, शांताबाईंच्या शेताला लागून असलेल्या मुरमाड पडीक पट्ट्यावर. शांताबाई स्वतः शेत करणारी बाई, आवाज खणखणीत. परवानगी देताना म्हणाली, "उडवा बाप्पा. पन माया तुरीवर पाडू नोका, गंजी लावाची हाय."

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारं एकेक पातं असतं. रेडिओची, म्हणजे हातातल्या रिमोटची, दांडी डावीकडे नेली की डाव्या पंखाचं पातं वर उचललं जायला हवं, उजवीकडे नेली की उजव्याचं. उड्डाणापूर्वी हे तपासतातच. एखादं पातं उलट दिशेने हलत असेल तर रेडिओवरची दोन बटणं दाबून दिशा फिरवता येते. आमची पद्धत अशी, की मी दांडी हलवायची आणि हमीदभाईंनी शेपटीपाशी बसून कोणतं पातं वर आलं ते ओरडून सांगायचं. "डावा." "उजवा." घरी शंभरदा केलेलं.

त्या सकाळी वलगावची बरीच माणसं जमली होती. इंजिन सुरू होतं. हमीदभाई शेपटी धरून गुडघ्यांवर बसले होते, कुडता वाऱ्याने फडफडत होता. मी बाजूला उभा होतो, मान रेडिओत घालून. मान वर केली असती तर पातं मला दिसलं असतं. पण फिरत्या पंख्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. मी दांडी डावीकडे नेली.

"उलटा!" हमीदभाई ओरडले.

पातं उलट हलतंय. मी घाईघाईने ती दोन बटणं दाबली आणि दिशा फिरवली. आता पुन्हा तपासायला हवं होतं. पण माणसं बघत होती आणि हे सगळं लवकर संपावं एवढंच मला हवं होतं. हमीदभाई पुन्हा काहीतरी ओरडले. इंजिनाच्या आवाजात मला एकच शब्द ऐकू आला, "सीधा."

"हो, सीधा झाला!" मी ओरडलो. "सोडा!"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग सोडलं.

विमान सुंदर उचललं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग उजवीकडून वाऱ्याची झुळूक आली, एक पंख वर झाला. मी दांडीने तो खाली आणायला गेलो, तर तो आणखी वर. मी आणखी दाबलं. विमान कुशीवर वळलं, पाठीवर झालं आणि तुरीच्या गंजीकडे निघालं. गंजीपाशी शांताबाई कपाळावर हात धरून वर बघत उभी होती. "बाई, पया! पया!" असं ओरडत हमीदभाई तिच्याकडे धावले. तिला पळता आलं नाही. पंखाचा तडाखा तिच्या मांडीवर बसला.

ती वाचली. मांडीचं हाड मोडलं होतं, ते पुढे वाकडंच जुळलं. तिला अमरावतीच्या दवाखान्यात पोचवून आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. हमीदभाईंच्या कुडत्यावर तिचं रक्त होतं. ते स्वतःशीच बोलत होते.

"मी बराबर पाह्यलं होतं सर. तुमी दांडी हालवली, उलटा पंख वर आला. मी सांगतलं, उलटा. मंग विचारलं, सीधा राह्यला न पाहाचा? तुमी म्हनले, झाला."

मला तेव्हा उमगलं. त्यांच्या घरात डाव्या हाताला उलटा हात म्हणतात आणि उजव्याला सीधा. एरवी माझ्याशी बोलताना ते डावा-उजवा म्हणत. त्या सकाळी भीतीने त्यांच्या तोंडी घरची बोली आली होती. डावं पातं वर आलं, असं ते सांगत होते. सगळं बरोबर होतं. बरोबर असलेलं मी फिरवून चुकीचं केलं होतं.

"मंग वायरीतच गडबड असंन," ते म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले आणि पालथे-उताणे करून पाहिले. "मायाच हातचं."

त्या वेळी बोलायला हवं होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं कधी कधी, हमीदभाई." घरी आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर रेडिओवरची ती दिशा पुन्हा पहिल्यासारखी करून ठेवली. चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं, वायरिंग कुणाचं? मी म्हणालो, हमीदभाईंचं. शब्दाने ते खरंच होतं.

त्यानंतर दर महिन्याला ते अकोल्याहून एसटीने अमरावतीला यायचे आणि आम्ही दोघं वलगावला जायचो. शांताबाई ओसरीवर काठी शेजारी ठेवून बसलेली असे. हमीदभाई पायरीवरच बसत.

"बाई, मायाच हातचं झालं. माफ करा."

"मंग माई तंगडी घेऊन जा न तुमी, आन तुमची देऊन जा."

"देतो बाई. कशी देऊ सांगा."

ती तोंड फिरवायची. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की दचकून काठी पकडायची. मी मागे उभा राहून पायातली चप्पल बघायचो. प्रत्येक वेळी वाटे, आज सांगावं. प्रत्येक वेळी वाटे, आता इतके दिवस झाल्यावर सांगितलं तर हे दोघं माझ्याकडे कसे बघतील? जितका उशीर होत गेला, तितकी भीती वाढत गेली.

हमीदभाईंनी ब्रश सोडला. मागच्या खोलीला कुलूप लागलं. एकदा परतीच्या वाटेवर म्हणाले, "सर, पयले जगाचं भेव लागे. आता या हाताइचंच लागते. रात्री उशाखाली दाबून झोपतो मी याइले." आणि हसले. मी गाडी चालवत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात त्यांना हृदयाचा झटका आला. मी अकोल्याला दवाखान्यात गेलो, सांगायचं ठरवूनच. ते जागे होते. छातीला लावलेल्या यंत्राकडे तिरप्या नजरेने बघत होते.

"हे काय म्हनून राह्यलं सर?"

"सगळं ठीक आहे म्हणतंय."

"तुमाले समजते म्हनून बरं हाय." मग थोड्या वेळाने, "वलगावले जात जा. मी नसलो तरी."

मी हो म्हणालो. थंडी यंदा फार आहे, असंही काहीतरी म्हणालो. दोन दिवसांनी ते गेले.

मी वलगावला गेलो. या खेपेला पायरीवर मी बसलो आणि शांताबाईंना सगळं सांगितलं. उलटा काय, सीधा काय, बटणं काय. सगळं ऐकून ती म्हणाली, "हे त्याले सांगतलं होतं?"

"नाही."

"कावून?"

"भीती वाटायची."

"मंग आता गेलं का भेव? तो मेला म्हनून?"

तिचा आवाज चढला. "एवढ्या लांबून यायचा तो बुढा. माया दारात बसे. मी त्याले कधी चहा नाई पाजला, सर. पान्याचं नाई विचारलं. तुमी मागं उभे राहून पाहत होते. आन आता सांगून मोकये झाले तुमी. मी काय करू? कोनाले पाजू मी चहा?"

ती बराच वेळ रडली. मग काठी घेऊन उठली. "त्याच्या बायकोले सांगतलं?"

"नाही."

"चाला."

ती गाडीत मागे बसली, काठी मांडीवर आडवी घेऊन, आणि आम्ही अकोल्याला गेलो. नसरीनभाभींनी दार उघडलं. काठी घेतलेल्या बाईला त्यांनी पाहताच ओळखलं. हाताला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांची दोन्ही मुलं दारात येऊन उभी राहिली. हमीदभाईंनी जोडलेली प्रत्येक वायर बरोबर होती, चूक माझी होती, हे मी त्यांच्यासमोर बोललो.

भाभींनी छतावरच्या बल्बकडे पाहिलं. "ये कमरे का बल्ब गया था भाईसाहब," त्या म्हणाल्या. "मैं बोली, बदल दो. बोले, नहीं, मेरा हाथ लगेगा तो किसी को कुछ हो जाएगा. बच्चे आए तब तक अंधेरे में बैठे रहे." मग धाकट्याकडे वळून म्हणाल्या, "मोहल्ले में सबको बोल. मस्जिद के बाहर भी बोल. और आप, भाईसाहब, लिख के दो. जैसा इनको बोले, वैसा का वैसा."

त्या आत गेल्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. मी अजून उभाच होतो. बसा, असं कुणी म्हणालं नव्हतं. भाभी चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोनच कप होते. एक त्यांनी शांताबाईंच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन स्वतः त्यांच्या शेजारी बसल्या.